टोबणी यंत्र गुगलवर दिसेना

एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला तरी केळापूरच्या ‘श्रावण कृषी यंत्र’ या वर्कशॉपमधला फोन वाजायला तयार नव्हता. आदल्या वर्षी याच दिवसांत दिपाली अर्ध्या जेवणातून उठून फोन घ्यायची. नांदेडकडचे, आदिलाबादकडचे, वर्ध्याचे शेतकरी विचारायचे, सरकी टोबता येते का, सोयाबीनला चालतं का, काळ्या जमिनीत चोच अडकते का. यंत्र साधं होतं. एका माणसानं उभ्यानं ढकलायचं चाक, चाकाला चोची, वर बियाण्याचा डबा. चाक फिरलं की चोच जमिनीत शिरते, उघडते, बी टाकते आणि पुढे जाते. दिवसभर वाकून सरकी टोबणाऱ्या बायकांकडे पाहून ते श्रावणजींनी बनवलं होतं.

श्रावणजी म्हणजे दिपालीचे वडील नानाजी यांचे मोठे भाऊ. डिसेंबरात ते गेले. आता वर्कशॉप नानाजी चालवत होते, वेल्डिंग त्यांचा मुलगा अक्षय करायचा आणि विक्री मुलगी दिपाली पाहायची. विक्री म्हणजे वेबसाइट. ती तिनंच बनवली होती. त्याआधी सगळी यंत्रं पुसदचे व्यापारी धरमसिंग घेऊन जायचे, त्यावर आपल्या दुकानाचं स्टिकर लावायचे आणि विकायचे. यंत्र कोणी बनवलं हे घेणाऱ्याला कळायचं नाही. दिपालीनं बापाला पटवलं की आपण आपल्या नावानं, थेट विकू. दोन हंगाम ते जमलंही.

या वर्षी यंत्रं तयार होऊन पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं उभी होती. त्यांच्यावर धूळ बसायला लागली होती. धरमसिंगनं पुन्हा निरोप पाठवला होता की सगळी यंत्रं घेतो, स्टिकर माझं, आणि तुमची ती वेबसाइट बंद करायची.

“धरमसिंगले मी शुक्रवारचं सांगतलं,” नानाजी सकाळी चहा पिताना म्हणाले.

“बाबा, अजून हंगाम लागाचा आहे.”

“हंगाम लागला बाई. फोन नाही लागला.”

वेबसाइट बंद म्हणजे तिचं इथलं काम बंद, हे तिलाही कळत होतं आणि घरातल्यांनाही. पुण्याला मामेबहिणीकडे जाऊन कुठेतरी नोकरी पाहायची, असं तिनं मनात धरायला सुरुवात केली होती.

“मी सांगू काय झालं ते?” नानाजी म्हणाले. “धरमसिंगनं गुगलले पैसे देले असन. दाबून ठेवलं आपल्याले.”

अक्षय हसला. “बाबा, धरमसिंगकाकाले व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवता येत नाही. परवा मलेच फोन केला, ‘अक्षय, हे फोटू कसा सोडाचा बे’ म्हणून. तो गुगलले कायचे पैसे देते?”

“मंग काहून दिसत नाही आपलं?”

याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं दिपालीला वाटत होतं आणि ते ती कोणाला सांगत नव्हती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिनं वेबसाइटची सगळी पानं नव्यानं मांडली होती. जुनी पानं काढली, नव्या पानांना नवे पत्ते दिले. दिसायला साइट छान झाली. त्यानंतर फोन आले नाहीत. थंडीत तसेही कमी येतात, म्हणून तिनं आधी मनावर घेतलं नाही. मार्चमध्ये घेतलं. एप्रिलमध्ये तिला झोप लागेना.

बुधवारी तिनं वर्षा आडेला बोलावलं. वर्षा पांढरकवड्याच्या कॉलेजात तिच्या वर्गात होती. महागावजवळच्या तांड्यावरची. आता यवतमाळला एक खोली घेऊन ती लोकांच्या वेबसाइट सांभाळायची. दोन दवाखाने, एक शिकवणी वर्ग, एक मंगल कार्यालय. फोनवर दिपालीनं एवढंच सांगितलं होतं, “तू फक्त येऊन सांग, माझ्यानं झालं का नाही ते.”

वर्षा एसटीनं पांढरकवड्याला उतरली. तिथून अक्षयनं तिला गाडीवर आणलं. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. विमलताईंनी, म्हणजे दिपालीच्या आईनं, तिला आधी कूलरसमोर बसवलं आणि ताकाचा पेला हातात दिला.

“कामाचं मागून पाह्य. आधी हे पे.”

“काकू, एक पेला पुरणार नाही.”

“गंज भरून आहे. पे तू.” विमलताईंनी ताकाचं पातेलं पुढे सरकवलं.

वर्षानं दोन पेले संपवले. घरी आईला फोन करून पोचल्याचं सांगितलं, “हो याडी, जेवतो, हो,” असं दोनदा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

“साइटचा पत्ता टाकला तं उघडते?”

“उघडते,” दिपाली म्हणाली.

“अन् गुगलवर नाव टाकून शोधलं तं?”

“तूच पाह्य.”

वर्षानं ‘श्रावण टोबणी यंत्र’ असं टाकलं. आधी कोण्या परराज्यातल्या कंपनीचं यंत्र आलं. मग पेरणीवरचा एक जुना लेख. मग श्रावण महिन्यातल्या उपासाच्या पदार्थांची तीन पानं.

विमलताई मागून वाकून पाहत होत्या. “आपलं यंत्र साबुदाण्यापाशी जाऊन बसलं का वो?”

“साबुदाण्यापाशी असतं तरी चाललं असतं काकू. ते तिथंही नाही.” वर्षा पुढच्या पानावर गेली, त्याच्या पुढच्या. मग तिनं शोधाच्या चौकटीत साइटचा पत्ता एका विशिष्ट तऱ्हेनं लिहिला. “असं लिहिलं का गुगल सांगते, ह्या साइटचे किती पानं त्याच्यापाशी आहेत.”

उत्तर आलं. एकही नाही.

“मागं पडणं वेगळं अन् नसणं वेगळं,” वर्षा म्हणाली. “साइट हळू असली, फोटो जड असले, लिहिलेलं बरोबर नसलं, तं मागं पडते. दहाव्या पानावर जाते. पण हे तं यादीतच नाही.”

दिपालीनं ओढणी तोंडाशी धरली. “माझ्यानं झालं वर्षा. करीच्या दिवशी मी सगळ्या पानांचे पत्ते बदलवले. जुने पानं काढून टाकले. मले वाटलं, नवे आपोआप जातीन.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नानाजींनी हे ऐकलं. ते उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

“आधी रडू नको,” वर्षा म्हणाली. “जुने पत्ते सांग.”

दिपालीला ते पाठ होते. वर्षानं एकेक टाकून पाहिला. प्रत्येक ठिकाणी ‘पान सापडले नाही’ असं आलं.

“ही तुही चूक झाली. घर बदलवलं अन् जुन्या घरावर नवा पत्ता लिहून नाही ठेवला. लोकं आले, कुलूप पाहून वापस गेले.”

“म्हणजे माझ्यानंच झालं.”

“थांब ना वो. ह्या चुकीनं जुने पानं गेले असते. नवे काहून नाही आले? तीन महिने झाले त्याइले.”

वर्षा काम करताना कोणाकडे पाहत नसे. साइट मोबाइलवर कशी दिसते ते तिनं पाहिलं, ठीक होती. पत्त्याच्या आधी कुलपाची खूण होती, म्हणजे सुरक्षेचं प्रमाणपत्र चालू होतं. उघडायला वेळ मात्र फार लागत होता.

“हे फोटो कोणं टाकले?”

“मी,” अक्षय म्हणाला. वेल्डिंगचा काळा चष्मा त्यानं कपाळावर चढवला होता. “नव्या फोननं काढले. एकदम साफ आले.”

“साफ आले, पण एकेक फोटो उघडेपर्यंत माणूस यवतमाळ जाऊन येईन. लहान करून टाकाचे असतात.”

“बरं,” अक्षय म्हणाला आणि जरा मागे सरकला.

प्रत्येक साइटवर एक छोटी फाइल असते. शोधणाऱ्या यंत्रणेनं आत कुठे जायचं आणि कुठे नाही, हे तिच्यात लिहिलेलं असतं. वर्षानं ती उघडली. तिच्यात मनाई नव्हती. पानांची यादीही जागेवर होती. वर्षानं पेन कानामागे लावलं.

“दिपाली, साइट सुरू केली तेव्हा गुगलचा तो मालकांसाठीचा तक्ता उघडला होता का? आपले पानं किती लोकांइले दिसले, त्याचा आलेख येते त्यात.”

“उघडला होता. नंतर नाही पाह्यला कधी.”

पासवर्ड आठवायला वेळ लागला. दोन चुकले, तिसरा लागला. पडद्यावर निळी रेघ आली. दिवाळीपर्यंत ती उंचसखल चालली होती. डिसेंबरच्या शेवटी ती उतरायला लागली, जानेवारी लागताच कोसळली आणि मग जमिनीला टेकून सरळ गेली.

वर्षानं पडद्यावर बोट ठेवलं. “कर कोणत्या तारखेले होती?”

“पंधरा.”

“मंग हे पाह्य. पंधराच्या आधीच सगळं बसलं होतं. तू पत्ते बदलवले तेव्हा पाहाले कोणी उरलंच नव्हतं.”

दिपालीनं रेघ पाहिली. पुन्हा पाहिली. मग ती खुर्चीवर मागे टेकली आणि तिच्या तोंडून नुसता “हुश्श” असा आवाज आला. विमलताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दारातले नानाजी वळले होते.

“म्हणजे पोरीनं नाही केलं?”

“नाही काकाजी. तिची चूक वेगळी आहे, ती मी पाच मिनिटात दुरुस्त करतो. हे दुसरंच काही आहे. डिसेंबरात काय झालतं?”

विमलताईंचा दिपालीच्या डोक्यावरचा हात थांबला.

“डिसेंबरात भाऊजी गेले,” विमलताई म्हणाल्या. “दुसरं काय होणार.”

वर्षानं मान हलवली. तिनं साइटचं पहिलं पान उघडलं आणि त्या पानाच्या मागची बाजू उघडली, जिथे वाचकाला न दिसणाऱ्या सूचना असतात. त्या दाट अक्षरांत तिनं एक शब्द शोधला. तो वरच सापडला.

“हे पाहा. ‘नोइंडेक्स.’ म्हणजे हे पान यादीत घेऊ नका. दुसऱ्या पानावर पाहू.” तिथेही तोच. तिसऱ्यावरही. “गुगलनं काही केलं नाही. गाडीवर अक्षय सांगत होता, त्या धरमसिंगनं बी नाही. हे आपल्याच साइटनं लिहिलेलं आहे.”

“मी असं काही लिहिलं नाही,” दिपाली म्हणाली.

“हाताने नाही लिहा लागत. एक खूण असते.” वर्षा साइटच्या आतल्या खोलीत, जिथून मालक साइट चालवतो तिथे, शिरली. पहिल्याच पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ होती: शोध यंत्रांना परावृत्त केले आहे. “दिपे, हे कधी वाचलं नाही?”

“मी इथं येतच नाही. सरळ पानांच्या यादीत जातो.”

वर्षानं सेटिंग उघडली. ‘या साइटची नोंद घेण्यापासून शोध यंत्रांना परावृत्त करा’ असं एक वाक्य होतं. त्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण होती.

अक्षय पुढे आला. वाकून पाहिलं. कपाळावरचा चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला.

“अरे बापा.”

“काय झालं?”

“हे मी केलतं.”

नानाजी दारातून आत आले. “कायले केलतं बे?”

“सुतकात.”

मग विमलताई म्हणाल्या, “त्याले कायले पुसता. मीच सांगतलं होतं.”

झालं ते असं. श्रावणजी गेले तेव्हा वर्कशॉपचं शटर खाली ओढलं होतं. सुतकात सौदा करायचा नाही, हे घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. गावातले गिऱ्हाईक तसेही येत नाहीत. त्यांना कळलेलं असतं. पण फोन वाजतच होता. दूरच्या माणसाला काय ठाऊक. राख सावडायला माणसं निघाली होती आणि हिंगोलीकडचा कोणीतरी अक्षयला विचारत होता, दोन घेतले तर काय कमी कराल. विमलताईंच्या कानावर ते पडलं आणि त्या भडकल्या. दुकान बंद आहे तर गुगलवर काहून चालू आहे, तेही बंद कर, असं त्यांनी मुलाला सांगितलं. अक्षयनं संध्याकाळी साइट उघडली आणि दुकान बंद करण्याचं बटण शोधलं. तसं बटण त्याला मिळालं नाही. हे वाक्य मिळालं. शोधणाऱ्यांना परावृत्त करा. त्यानं खूण केली.

“पण दुसऱ्या दिवशी फोन येऊनच राह्यले होते,” अक्षय म्हणाला. “त्याच्या दुसऱ्या दिवशी बी. मी समजलो, हे काही कामाचं नाही. मंग फोनच बंद करून फडताळात ठेवला. तेरवी झाली, नारळ फोडून शटर उघडलं, फोन चालू केला. ह्या खुणेची आठवणच नाही राह्यली. ती चाललीच नव्हती ना!”

“चालली, पण उशिरा,” वर्षा म्हणाली. “गुगल रोज नाही येत. त्याचं हिंडणं असते, आज ह्याच्या दारी, उद्या त्याच्या. तुमच्या दारी तो आला तेव्हा तेरवी होऊन गेली होती. पण ‘यादीत घेऊ नका’ ही पाटी तशीच. पाटी वाचली अन् निमूट गेला. एकेक पान काढत गेला.”

“म्हणजे,” नानाजी सावकाश म्हणाले, “आपण शटर उघडून बसलो, अन् जगाले वाटून राह्यलं, यांचं सुतक चालूच आहे.”

“असंच.”

“चार महिने?”

“चार महिने काकाजी.”

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. “श्रावणदादा वरून पाहून हसत असन. जिवंतपणी एक सुट्टी नाही घेतली त्यानं. अन् तुम्ही त्याच्या यंत्राले चार महिने घरी बसवलं.”

विमलताईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना पदर लावावा लागला. “मले काय मालूम, त्याले पंचांग दाखवा लागते म्हणून. सुतक फिटलं हे आपल्याले समजते, सोयऱ्याइले समजते. त्याले कोण सांगन?”

“आपणच सांगा लागते काकू.”

दिपाली भावाकडे पाहत होती. “दादा, तू एक शब्द तरी बोलाचा. मी तीन महिने स्वतःले शिव्या देऊन राह्यलो.”

“तू बी कुठं बोलली, पत्ते बदलवले म्हणून?”

दिपालीनं त्याचा काळा चष्मा टेबलावरून उचलून त्याच्या हातात दिला.

वर्षानं चौकटीतली खूण काढली आणि बदल जतन केला. मग पानाच्या मागची बाजू पुन्हा उघडली. ‘नोइंडेक्स’ तिथेच होता. अक्षयचा चेहरा पडला.

“गेला नाही ना?”

“गेला. हे जुनं चित्र आहे. साइट लवकर उघडावी म्हणून पानाची एक प्रत काढून ठेवलेली असते, ती दाखवून राह्यली.” तिनं साठवलेल्या प्रती पुसल्या. पान पुन्हा उघडलं. या वेळी तो शब्द नव्हता. सगळ्यांनी, अगदी नानाजींनीही चष्मा लावून, तो नसल्याची खात्री केली.

बाकीचं काम तिनं शांतपणे उरकलं. जुन्या पत्त्यांवर येणारा माणूस नव्या पानावर जाईल अशी सोय केली. अक्षयला फोटो लहान कसे करायचे ते दाखवलं आणि त्याच्याकडूनच सगळे करून घेतले. शेवटी गुगलच्या तक्त्यात जाऊन, आमची पानं पुन्हा पाहून जा, अशी विनंती नोंदवली.

“आता किती दिवस?” नानाजींनी विचारलं.

“दोन दिवसात येईन, नाही तं आठवडा. तेवढं माझ्या हातात नाही.”

“शुक्रवारी धरमसिंग येते.”

“ते मले दिपालीनं सांगतलं. पण मी खोटं कशी बोलू काकाजी?”

वर्षा संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. विमलताईंनी तिच्या पिशवीत शेवया आणि कैऱ्या कोंबल्या.

गुरुवारी दिपालीनं सकाळी शोधून पाहिलं. काही नव्हतं. दुपारीही नव्हतं. तिनं ठरवलं, आता पाहायचं नाही, आणि पाणी भरून झाल्यावर पुन्हा पाहिलं. दिवेलागणीला साइटचं पहिलं पान दिसलं. एकच पान, पण श्रावणजींच्या यंत्राचं नाव आणि खाली केळापूर. साबुदाण्याच्या वर. तिनं ओरडून आईला बोलावलं. अक्षय हात पुसत धावत आला. नानाजी हळूहळू आले, पाहिलं, “हं” म्हणाले आणि जेवायला बसले. त्यांनी त्या रात्री एक भाकर जास्त खाल्ली, हे विमलताईंच्या लक्षात आलं.

फोन मात्र आला नाही. शुक्रवारी सकाळीही नाही.

धरमसिंग दुपारी आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत स्टिकरचा नमुना होता. माणूस वाईट नव्हता. श्रावणजींच्या तेरवीला तो पुसदहून येऊन वाढायला उभा राहिला होता.

“नानाजी, आज प्रेसवाल्याले हो म्हणाचं आहे. अखाजीच्या सणाआधी माल दुकानी पाह्यजे. गेल्या साली तुम्ही नाही म्हटलं, मी काही म्हटलं का? नाही म्हटलं. पण यंदा शेड भरून यंत्रं उभे आहेत, मले दिसून राह्यले.”

“बसा तं खरं.”

“बसतो. चहा बी घेतो. पण हो का नाही, ते सांगा.”

नानाजींनी दिपालीकडे पाहिलं. ती लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिचे हात मांडीवर होते.

“काल आला ना गुगल?”

“आला बाबा. आज सकाळी आणखी चार पानं आली.”

“अन् गिऱ्हाईक?”

खोटं बोलणं सोपं होतं. एक फोन आला होता, असं म्हणता आलं असतं.

“गिऱ्हाईक नाही आलं अजून.”

नानाजींनी मान हलवली. खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली.

“धरमसिंग, मी चार महिने असं समजत होतो का लोकांइले आपलं यंत्र नको आहे. म्हणून मी तुम्हाले हो म्हणणार होतो. परवा मले समजलं, लोकांइले ते नको नव्हतं. त्याइले ते दिसतच नव्हतं. आम्हीच झाकून ठेवलतं.”

“झाकून? कायले?”

“ते लंबं आहे. घरचं आहे. पण आता झाकण काढलं. पोरीनं अन् तिच्या मैत्रिणीनं काढलं. आता दिसायले लागल्यावर पह्यल्याच दिवशी मी माल देऊन टाकला, तं माझ्यासारखा मूर्ख मीच.”

“अन् नाही विकलं तं?”

“नाही विकलं तं पोयाच्या सणाले तुमच्याकडे येईन. तेव्हा तुम्ही भाव पाडा, मी आयकतो.”

“पाडीनच,” धरमसिंग म्हणाले. “सोडतो का काय.” त्यांनी स्टिकरचा नमुना पिशवीत परत घातला. मग म्हणाले, “मले यंदा दहा तरी द्या. दुकानात लोकं विचारतात.”

“देतो. पण नाव श्रावणदादाचं.”

धरमसिंग त्याच्यावर बोलणार होते. चहाची कपबशी त्यांनी तोंडाशी नेली होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

अनोळखी नंबर होता. दिपालीनं तो लगेच उचलला नाही. दोन घंट्या होऊ दिल्या आणि मग उचलला.

“हॅलो, श्रावण कृषी यंत्र. बोला.”

पलीकडे एक बाई होती. किनवटकडची. तिचा आवाज मोठा होता आणि सगळ्यांना ऐकू येत होता. गावातल्या चार बायकांनी मिळून एक यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. पोरानं मोबाइलवर शोधलं, टोबणीचं यंत्र, तर हे आलं. खरं आहे का? कापसाला चालते का? किती दिवसात येईन?

“चालते काकू, सरकीले पण चालते अन् सोयाबीनले पण,” दिपाली म्हणाली. “डब्यातली चकती बदलवा लागते फक्त. ती संगं देतो आम्ही. जमीन कशी आहे तुमची? काळी का बरड?”

बाई सांगायला लागली. तिला जमिनीबद्दल पुष्कळ सांगायचं होतं.

शेडमध्ये अक्षयनं नेमकं तेव्हाच एका लोखंडी पट्टीला ग्राइंडर लावलं आणि सगळीकडे कर्कश आवाज झाला. दिपालीनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

नानाजी उठले, दारापर्यंत गेले आणि ओरडले, “अक्षय, बंद कर ते! तुही बहीण कामावर आहे.”